तिसरी चढाई कोणाची?

कबड्डीचा नवा हंगाम जवळ आला की आमच्या आसेगावात चहाच्या टपरीवर एकच वाद रंगतो: पुणेरी पलटणकडून चढाई कोण करणार? चढाईपटूला 30 सेकंद मिळतात. जप न तोडता समोरचा गडी टिपायचा आणि मध्यरेषा गाठायची. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण हवाच. नाही मिळाला तर चढाई करणाराच बाद. म्हणून एकाच गड्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, पण अंतिम सामन्यात सर्वाधिक 9 गुण पंकज मोहितेचे. पुढच्याच हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला आणि गतविजेते बाद फेरीही गाठू शकले नाहीत. वळणे, झेपावणे, निसटणे, सारा भार गुडघ्यावरच की हो! 2025 मध्ये तो परतला, आदित्य शिंदेसारखा तरुणही चमकला. तरी अंतिम सामना दिल्लीने 31-28 असा जिंकला.

टपरीवरची पोरे नावे मोजतात. मी विचारतो, पहिला चढाईपटू बाकावर बसला, तर तिसऱ्या चढाईला कोण उठेल?