आज्ञा न पाळणारा सेवक : सर्व्होतील बिघाडाचा शोध

निकोला टेस्ला या संशोधकाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे रेडिओलहरींनी नियंत्रित होणारी एक छोटी नाव लोकांना दाखविली. तीच कल्पना आज हौशी लोकांच्या छोट्या गाड्यांत उतरली आहे. अशा गाडीची पुढील चाके वळविण्याचे काम ‘सर्व्हो’ नावाचे, मुठीत मावणारे यंत्र करते. लॅटिन भाषेत ‘सर्व्हस’ म्हणजे सेवक. त्यावरून हे नाव पडले. या सेवकाने आज्ञा पाळली नाही, तर वेगात असलेली गाडी कोणाच्याही पायावर आदळू शकते. म्हणून बिघाडाचे कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नये.

सर्व्होच्या पेटीत चार भाग असतात : लहान मोटार, तिचा वेग घटवून जोर वाढविणारी दातेरी चाके, बाहेरील दांड्याची स्थिती कळविणारा बदलता रोधक आणि नियंत्रक मंडल. रिसीव्हरकडून साधारणतः दर २० मिलिसेकंदांनी एक विद्युत्-स्पंद येतो. तो सुमारे १.५ मिलिसेकंद टिकला तर दांडा मध्यावर राहतो. १ अथवा २ मिलिसेकंद टिकला तर एका अथवा दुसऱ्या बाजूस वळतो. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांची मंडल तुलना करते, व दोहोंतील अंतर नाहीसे होईपर्यंत मोटार फिरविते.

परीक्षेपूर्वी गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत आणि गाडी पळविणाऱ्या मोटारीची तार सोडवावी. प्रथम वीजपुरवठा पाहावा. पुष्कळ सर्व्होंना ४.८ ते ६ व्होल्ट दाब लागतो. तो चाके वळत असतानाच मोजावा. कारण क्षीण बॅटरी विश्रांतीत पुरेसा दाब दाखविते, पण भार पडताच खचते. नंतर त्या जागी दुसरा, चांगला सर्व्हो जोडावा. तोही निश्चल राहिला, तर दोष रिसीव्हरमध्ये अथवा तारेत आहे. तो चालला, तर मूळचा सर्व्हो पुन्हा जोडावा आणि चाकांकडे जाणारी सळई सोडवून पाहावी. आता दांडा मोकळा फिरला, तर सळई वाकली आहे किंवा सांध्यात माती अडकली आहे, असे समजावे.

एवढे झाल्यावरच पेटी उघडावी. मोटारीचा आवाज येतो, पण दांडा फिरत नाही, तेव्हा बहुधा चाकांचे दाते तुटलेले असतात. दांडा ठराविक जागीच थरथरत असेल, तर रोधक झिजल्याचा संशय घ्यावा. सतत गुणगुण व उष्णता जाणवल्यास वीज तत्काळ तोडावी. अडकून पडलेली मोटार मोठा प्रवाह खेचते आणि जळू शकते.

सेवकाला दोष देण्यापूर्वी त्याला अन्न मिळते काय, आज्ञा पोहोचते काय आणि त्याचे हात मोकळे आहेत काय, हे या क्रमाने पाहावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित चालू होईल. परंतु ती का बंद पडली होती, हे कळणार नाही, आणि तोच बिघाड पुन्हा उद्भवेल.