घरघंटी घ्यायची की गिरणीवरच जायचं? पैसे मोजण्याआधी हा हिशोब करून बघा

सोयगाव : दळणाचा डबा डोक्यावर किंवा गाडीच्या हँडलला अडकवून गिरणीवर जायचं, लाईट असली तर नंबर लावायचा, नसली तर डबा तिथंच ठेवून परत यायचं. सोयगाव तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर हे काही नवीन नाही. त्यामुळे कापसाचे पैसे हातात आले किंवा लग्नाचा आहेर ठरवायची वेळ आली, की 'घरघंटी घेऊन टाकू' हा विषय घरात निघतोच. मोबाईलवर तर हप्त्यावर घरघंटी, मोफत घरघंटी अशा जाहिरातींचा पूर आहे.

पण घरघंटी म्हणजे मिक्सर नाही, की घेतला आणि ओट्यावर ठेवला. ती १२ ते २५ हजारांच्या घरातली वस्तू आहे. तिला नीट लाईट लागते, जागा लागते, साफसफाई लागते. घेण्याआधी काय बघायचं आणि घेतल्यावर कशी वापरायची, याची ही माहिती.

घरघंटी म्हणजे नेमकं काय?

गावातल्या गिरणीत दोन दगडी पाटे असतात. एक स्थिर, एक फिरता. धान्य त्यांच्यामध्ये रगडलं जातं. घरात वापरायच्या बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो. आत स्टीलची पाती वेगाने फिरतात, दाणा फुटतो आणि खालच्या जाळीतून पीठ डब्यात पडतं. पीठ बारीक की जाडं, हे जाळी ठरवते. बारीक भोकांची जाळी बेसन आणि भाकरीच्या पिठाला, मोठ्या भोकांची रवा, भरड आणि दलियाला. जाळ्यांचे नंबर कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून सोबतचं पुस्तक फेकू नका.

काही घरघंट्या दगडाच्याही मिळतात. त्यांचं पीठ अनेकांना आवडतं, पण दगडाला अधूनमधून टाकी लावावी लागते. ते काम करणारा माणूस जवळपास आहे का, हे आधी विचारा.

पैशाचा हिशोब : बचत होते का?

दुकानदार सांगतो, 'दळणाचे पैसे वाचतील.' वाचतात, पण किती, ते कागदावर मांडून बघा.

घरगुती घरघंटीला साधारण १ एचपीची मोटर असते. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. मोटर प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त वीज ओढते. म्हणजे तासाभराला अंदाजे १ युनिट धरा. तासाला ७ किलो गहू दळला जातो आणि सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पडतात, असं समजू. किलोला खर्च झाला १ रुपया ४० पैसे.

पाच माणसांच्या घरात रोज दीड किलो पीठ लागत असेल, तर महिन्याचं दळण ४५ किलो. गिरणीवर किलोला ५ रुपये घेतात असं धरलं, तर २२५ रुपये होतात. घरी दळलं तर विजेचे ६४ रुपये. महिन्याला वाचले १६१ रुपये, वर्षाला १,९३२. घरघंटी १६ हजारांची असेल, तर ते पैसे फिटायला सव्वाआठ वर्षं लागतील. जाळी, पिशवी, दुरुस्ती यांचा खर्च वेगळा.

वस्ती गिरणीपासून लांब असेल आणि महिन्याला ६० रुपयांचं पेट्रोल दळणापायी जात असेल, तरी सहा वर्षं लागतात. वरचे दर उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातला दळणाचा भाव आणि तुमच्या बिलावरचा दर टाकून हाच हिशोब करा. एक गोष्ट विसरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर वरच्या युनिटांचा दर एकदम वाढतो. तुमचा वापर शंभराच्या काठावर असेल, तर घरघंटीचे युनिट महागड्या दरात मोजले जातील.

थोडक्यात, एका कुटुंबानं फक्त पैसे वाचवायला घरघंटी घेऊ नये. ती घ्यायची असेल तर वेळ, सोय आणि ताजं पीठ यासाठी.

खरा फायदा भाकरीत

बाजरीत गव्हापेक्षा तेलाचा अंश जास्त असतो. दाणा अख्खा असतो तोवर तो टिकतो. पीठ झालं की त्या तेलाला हवा लागते आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं, त्याला वास येतो. म्हणूनच जुन्या बाया बाजरी थोडी थोडी दळायच्या. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरीला चिरा पडतात, थापताना ती तुटते. गिरणीवर मात्र दोन किलोसाठी कोण फेरी मारणार? दहा किलो एकदम दळून आणलं जातं आणि शेवटचे चार किलो कसेबसे संपवले जातात.

घरघंटीत आठवड्यापुरतं पीठ काढता येतं. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या या पट्ट्यात खाणं खान्देशी वळणाचं. कळण्याच्या भाकरीला ज्वारीत उडीद घालून दळायचं, बट्टीला गहू जाडसर हवा, थालीपिठाची भाजणी वेगळी. असं थोडं थोडं, वेगवेगळं दळण असणाऱ्या घराला घरघंटीचा उपयोग सगळ्यात जास्त. शिवाय गिरणीत आधीच्या माणसाचं पीठ आपल्या पिठात मिसळतं, तेही टळतं. उपवासाचं दळण करणाऱ्यांना हे चांगलं कळतं.

वेळेची किंमत तर बाईलाच जास्त कळते. गिरण्या येण्याआधी पहाटे उठून जात्यावर दळावं लागायचं. त्या वेळी बायकांनी म्हटलेल्या ओव्या गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून काम करत महाराष्ट्रभरातून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. इतक्या ओव्या सुचायला किती पहाटा जात्यावर गेल्या असतील, याचा विचार केला की दळणाचा भार कोणावर होता हे समजतं.

आधी घरातली लाईट तपासा

घरघंटी बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे कमी दाबाची वीज. व्होल्टेज पडलं की मोटर फिरायला जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वायंडिंग जळतं. डीपीपासून लांबच्या घरांना हा त्रास जास्त.

- संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे चालू असताना व्होल्टेज किती राहतं, ते वायरमनकडून मोजून घ्या. २३० च्या जागी १८० च्या आसपास येत असेल, तर त्या वेळी घरघंटी चालवायची नाही. दुपारी दाब चांगला असेल तर दळण दुपारी.
- जाड पिनचा १६ अँपिअरचा बोर्ड आणि त्याला जाड वायर हवी. टीव्हीच्या बोर्डाला एक्स्टेन्शन लावून घरघंटी चालवू नका.
- अर्थिंग नसेल तर आधी ते करा. पत्र्याच्या घरात आणि ओल्या जमिनीवर शॉक जिवावर बेततो.
- पंखे-दिव्यांच्या साध्या इन्व्हर्टरवर घरघंटी चालत नाही. चालू होताना मोटर काही पट जास्त करंट घेते, तो इन्व्हर्टरला पेलत नाही.

दुकानात काय बघाल?

घरून दोन किलो बाजरी किंवा ज्वारी घेऊन जा आणि दुकानातच दळून मागा. रिकामी मशीन सगळीच छान चालते. पीठ हातात घेऊन चोळा. किती वेळ लागला, किती तापलं, बाहेर किती उडालं, ते बघा.

दार उघडलं की मशीन आपोआप बंद होते का, हे दोनदा करून पहा. लहान मुलं असलेल्या घरात हे सगळ्यात महत्त्वाचं. मोटरची वॉरंटी किती वर्षांची आणि बाकीच्या भागांची किती, हे वेगवेगळं विचारा. 'पाच वर्षं वॉरंटी' असं म्हणतात, पण ती नेमकी कशाची ते कार्डावर वाचा.

दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हा प्रश्न सोयगावसारख्या तालुक्यात किमतीइतकाच मोठा आहे. जिल्ह्याचं ठिकाण लांब. पाचोरा, जळगाव किंवा सिल्लोडला त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, माणूस घरी येतो की मशीन उचलून न्यावी लागते, जाण्या-येण्याचे पैसे कोण देणार, हे बिल करण्याआधी ठरवा. ऑनलाईन हजार रुपये स्वस्त मिळालेली मशीन पहिल्याच बिघाडात महाग पडू शकते.

पक्कं बिल घ्या. त्यावर मशीनचा नंबर आणि तारीख हवी. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घ्या आणि दोन्हीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वापरताना

धान्य निवडून, चाळून आणि कडक वाळवून घ्या. ओलसर दाण्यानं जाळी बंद होते. खडा किंवा खिळा आत गेला तर पातं आणि जाळी दोन्ही जातात. मशीन आधी रिकामी चालू करा, पूर्ण वेग आला की मगच दाणा सोडा. मध्येच लाईट गेली तर आत दाणा अडकलेला असतो. लाईट आल्यावर लगेच बटण दाबू नका. प्लग काढा, आतला दाणा मोकळा करा, मग सुरू करा.

पीठ गरम असताना डब्याचं झाकण लावू नका. वाफ धरते, गाठी होतात. परातीत पसरून गार होऊ द्या.

दर दळणानंतर प्लग काढून कोरड्या ब्रशनं आतलं पीठ झाडा, कापडी पिशवी झटका. कोपऱ्यात राहिलेल्या पिठात आठ-पंधरा दिवसांत किडे आणि जाळ्या होतात. पाणी अजिबात वापरायचं नाही. दळताना पदर, ओढणी आणि मोकळे केस सांभाळा. दम्याचा त्रास असलेल्या माणसानं नाकाला रुमाल बांधावा किंवा दुसऱ्याला दळू द्यावं. पीठ उडतं तिथं चूल किंवा गॅस पेटलेला नसावा.

तीळ, शेंगदाणे यांसारखं तेलकट काही टाकू नका, जाळी चिकटून बसते. वर्षाची मिरची-हळद कांडप मशीनवरच बरी. आणि मिक्सरमध्ये रोजचं दळण करायचा प्रयत्न नको. मिक्सर काही मिनिटं चालवून थांबवायचं यंत्र आहे, त्याची मोटर जळेल.

हे धान्य कधीच दळू नका

पेरणीनंतर पिशवीत उरलेलं मका किंवा बाजरीचं बियाणं वाया जाऊ नये म्हणून दळणात मिसळायचा मोह होतो. ते करू नका. बियाण्याला कीडनाशक किंवा बुरशीनाशक लावलेलं असतं, म्हणूनच त्याला गुलाबी, हिरवा असा रंग दिलेला असतो. धुतल्यावर रंग जातो, विष जाईलच असं नाही.

१९७१-७२ मध्ये इराकमध्ये पाऱ्याचं औषध लावलेला बियाण्याचा गहू लोकांनी दळून खाल्ला. साडेसहा हजारांवर माणसं दवाखान्यात दाखल झाली आणि त्यातली ४५९ दगावली. आपल्याकडची औषधं वेगळी आहेत, पण नियम तोच. रंगीत बियाणं माणसानं खायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही. घरघंटी घरातच असली की रोखणारा गिरणीवाला नसतो, म्हणून जास्त जपायचं.

मोफत घरघंटीचा मेसेज आला तर?

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून काही वर्षी पिठाची गिरणी, शिलाई मशीन अशा वस्तू अनुदानावर दिल्या जातात. अटी, अर्जाची मुदत आणि लाभार्थ्यांची संख्या दर वर्षी बदलते. त्यामुळे खरी माहिती एकाच ठिकाणी, सोयगावच्या पंचायत समितीत किंवा आपल्या ग्रामपंचायतीत. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर आधार नंबर, बँक खातं किंवा ओटीपी देऊ नका. 'फाईल चार्ज' म्हणून पैसे मागणारा माणूस योजनेचा नसतो.

बचत गटाला पीठ, भाजणी विकायचा धंदा करायचा असेल तर घरगुती मशीन पुरत नाही. त्यासाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत सध्या अनुदान मिळतं का आणि किती, ते बघा. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करा. घरगुती मीटरवर धंदा सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयातही विचारून घ्या.

मशीन खराब निघाली, दुकानदार ऐकत नाही?

आधी लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर तक्रार करा, म्हणजे पुरावा राहतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तरीही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पक्कं बिल लागतं ते इथंच.

मग घ्यावी का?

घरात माणसं जास्त, गिरणी लांब, लाईटचा दाब चांगला आणि भाकरी रोजची असेल, तर घरघंटी उपयोगाची. गिरणी गल्लीतच असेल, घरात दोन-तीनच माणसं असतील किंवा व्होल्टेज सतत पडत असेल, तर ते १६ हजार दुसऱ्या कामाला लावा. हप्त्यावर घेणाऱ्यांनी सगळे हप्ते आणि वरचे चार्ज मिळवून किती होतात, तो आकडा आधी काढावा. मधला रस्ताही आहे. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक घरघंटी घेतली, तर खर्च वाटला जातो आणि मशीनही पडून राहत नाही. फक्त बिल कोण भरणार आणि दुरुस्तीचे पैसे कसे वाटायचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.