विंग रिकामी, फ्लॅट ३०२

एका गृहनिर्माण सोसायटीचं टेबल डोळ्यांसमोर आणा. विंग आणि फ्लॅट नंबर हे दोन कॉलम मिळून त्याची प्रायमरी की आहे. आवारातल्या रो-हाउसना विंगच नाही, म्हणून तिथे नल ठेवला. ‘नंबर तर भरलाय, जोडीतला एक कॉलम रिकामा राहिला तर काय बिघडलं?’ असं पुष्कळांना वाटतं.

बिघडतं. एसक्यूएलच्या मानकाप्रमाणे प्रायमरी कीमधला एकही कॉलम नल असता कामा नये. नल म्हणजे शून्य नव्हे; नल म्हणजे ‘माहीत नाही’. नल आणि नल सारखे आहेत का, या प्रश्नाला ‘हो’ही उत्तर नाही आणि ‘नाही’ही नाही, उत्तर येतं ‘अज्ञात’. नोंद तीच की दुसरी, हे ठामपणे सांगण्यासाठी असलेल्या कीला असं उत्तर परवडत नाही. एडगर कॉड यांच्या रिलेशनल मॉडेलमध्ये या नियमाला एन्टिटी इंटिग्रिटी म्हणतात.

प्रायमरी की आणि युनिक एकच, हाही गैरसमज. जोडीवर नुसतं युनिक लावलं तर पोस्टग्रेस ‘नल, ३०२’ ही नोंद दोनदा बिनतक्रार घेतो. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर दुसरी नोंद अडवतात. पोस्टग्रेसमध्ये तशी सोय २०२२ च्या १५व्या आवृत्तीत आली.

डेटाबेस आपोआप अडवेलच, यावरही विसंबू नका. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल कीच्या कॉलमांना स्वतःहून ‘नॉट नल’ करतात. एसक्यूलाइटच्या साध्या टेबलात मात्र नल शिरतो. ती जुनी चूक आहे, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून तशीच ठेवली आहे. तिथे ‘नॉट नल’ स्वतः लिहा.

मला सर्वांत घातक वाटते ती फॉरेन की. मेंटेनन्सच्या बिलांचं टेबल तिच्यामार्फत याच जोडीचा संदर्भ घेतं; बिलात विंग नल असेल, तर पोस्टग्रेस नेहमीच्या ‘मॅच सिंपल’ पद्धतीत ती जोडी तपासतच नाही. अस्तित्वात नसलेल्या फ्लॅट ९९९ चंही बिल निघतं. ‘मॅच फुल’ लिहिलं तर अर्धी भरलेली जोडी अडते.

उपाय साधा आहे: रो-हाउसना ‘रो’ नावाची विंग द्या. रिकामी स्ट्रिंग टाकण्याची पळवाट ओरॅकलमध्ये चालत नाही, तिथे तीही नलच धरली जाते. वेगळा आपोआप वाढणारा क्रमांक प्रायमरी की केलात, तरी विंग आणि फ्लॅटच्या जोडीवर युनिक आणि दोन्ही कॉलमांवर ‘नॉट नल’ लावावंच लागेल.