व्हीगन जीवनपद्धती : सोवळ्याबाहेरचा विचार

आपल्या समाजात जात नेहमीच सरळ विचारली जात नाही. शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालक विचारतो, "तुम्ही काय खाता?" विचारणाऱ्यालाही आणि उत्तर देणाऱ्यालाही माहीत असते की प्रश्न जेवणाचा नाही. ताट पाहून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत हजारो वर्षांची आहे. त्यामुळे 'प्राण्यांना इजा न करता जगावे' असे कोणी म्हटले की दलित वाचक प्रथम सावध होतो. ही सावधगिरी योग्य आहे, इतिहासाने ती शिकविली आहे. परंतु तेवढ्यावर विचार थांबविला तर एक महत्त्वाचा नैतिक प्रश्न आपण सोवळेवाल्यांच्या हवाली करून मोकळे होतो. तो त्यांच्या हवाली का करावा? यवतमाळसारख्या कोरडवाहू, कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात एखाद्या कार्यकर्त्याने, शिक्षकाने, विद्यार्थिनीने व्हीगन जगायचे ठरविले तर रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ काय होतो आणि त्याची किंमत कोण देतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्द समजून घेऊ. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. मांस वर्ज्य करून दूध-अंडी खाणाऱ्या तिथल्या शाकाहारी मंडळींपासून ते वेगळे झाले. मांस, मासे, अंडी यांच्याबरोबर दूध, दही, तूप, मधही त्यांनी सोडले. कातडे, लोकर, रेशीमही सोडले. प्राण्यांचे शोषण आणि त्यांच्यावरील क्रौर्य शक्य आणि व्यवहार्य असेल तितके टाळायचे, असा या विचाराचा गाभा आहे. 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आपल्याकडचा 'शुद्ध शाकाहार' आणि हा विचार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वर्णव्यवस्थेच्या स्वयंपाकघरात दूध-तूप सर्वांत वर बसते. तुपात तळलेले अन्न पक्के, ते दुरून आणले तरी चालते. पाण्यात शिजविलेले कच्चे, ते लगेच विटाळते. गाईचे मूत्र प्राशन करून शुद्ध होता येते, माणसाच्या सावलीने मात्र बाट होतो! व्हीगन विचार या उतरंडीलाच हात घालतो. त्याच्या हिशेबात तुपाची वाटी आणि मटणाची वाटी एकाच ओळीत बसतात. याचे कारण भावनेत नाही, व्यवहारात आहे. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू ठेवायचे तर तिला पुन:पुन्हा गाभण ठेवावे लागते. जन्मलेल्या वासरांपैकी जवळपास निम्मे नर असतात. पूर्वी गोऱ्हा मोठा होऊन औताला जुंपला जाई; ट्रॅक्टर आल्यावर आणि संकरित गाई आल्यावर त्याचा उपयोग सरला. गाय भाकड झाली की तिलाही दावणीवर पोसणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही. म्हणजे दुधाचा धंदा आणि खाटीकखाना हे एकाच साखळीचे दोन दुवे आहेत. पहिल्या दुव्याला पवित्र म्हणायचे आणि दुसऱ्या दुव्यावर पोट भरणाऱ्याला नीच म्हणायचे, ही या देशाची जुनी चलाखी आहे.

ही चलाखी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इतिहासाच्या अंगाने उघडी केली. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, वैदिक काळात गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षात वर्चस्व मिळविण्यासाठी ते सोडले आणि मग जे मृत गाईचे मांस खात राहिले त्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का बसला. त्याआधी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. मेलेले ढोर ओढणे हे महाराच्या माथी मारलेले काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला होता. ते सोडणे म्हणजे गावगाड्याने लादलेली पायरी नाकारणे होते. वरच्या जातीसारखे होण्याची धडपड त्यात नव्हती.

अहिंसेविषयी बाबासाहेबांची भूमिका 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिसते. बुद्धाने अहिंसा हा नियम केला नाही, ते जगण्याचे तत्त्व म्हणून सांगितले, असे ते मांडतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला पाहिजे, हेही त्यांनी तेथेच सांगितले आहे. व्हीगन मंडळींचे 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितके' हे शब्द या विचाराच्या किती जवळ येतात! गरज किती आणि केवळ सवय किती, हे ज्याचे त्याने रोज तपासायचे.

नियम सत्तेच्या हाती गेला की काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होतीच. मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली आणि पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद झाली. राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगण्यावरील बंदी मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केली, पण कत्तलबंदी कायम राहिली. या कायद्याने दूध बंद झाले नाही, औत बंद झाले नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा म्हातारा बैल विकायचा मार्ग बंद झाला आणि कुरेशी, खाटीक, चर्मकार यांच्या पोटावर पाय आला. याला प्राण्यांविषयीची करुणा म्हणता येणार नाही. स्वत:च्या ताटातले काही न सोडता दुसऱ्याच्या ताटावर झडप घालणे आणि व्हीगन होणे यांची गल्लत कार्यकर्त्यांनी कधीही होऊ देऊ नये.

आता रोजच्या ताटाकडे येऊ. व्हीगन खाणे म्हणजे बदामाचे दूध आणि परदेशी डबे, असा समज शहरातील दुकानांनी करून दिला आहे. यवतमाळच्या गरीब घरातील नेहमीचे जेवण पाहा: ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, बेसन, जवसाची चटणी, तिळाची चटणी, वांग्याचे भरीत, उन्हाळ्यात वाळवलेल्या मुगाच्या वड्या, पावसाळ्यात तरोटा आणि घोळ. यात दुधाचा थेंब नाही. ज्वारीत जी प्रथिने अपुरी पडतात ती तुरीत असतात आणि तुरीतली उणीव ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र खाणाऱ्या आयाबायांनी हे शास्त्र पुस्तकाशिवाय सांभाळले. जवसातून मिळणारी स्निग्धद्रव्ये हृदयाला चांगली असतात. तिळात कॅल्शियम भरपूर असते. मात्र या ताटाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. हे ताट पुष्कळदा गरिबीमुळे असे होते, तत्त्वामुळे नव्हे. ज्याला मिळतच नाही त्याच्या न खाण्याला त्याग म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली आहे. मांसाचा कोणताही भाग वाया न घालविणाऱ्या त्या स्वयंपाकामागे भूक होती आणि कौशल्यही होते. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

आहाराबाबत फसवणूक करून घेऊ नये. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात भरवशाने मिळत नाही. प्रौढ माणसाला ते रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतके थोडे लागते, पण लागतेच. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे उणीव काही वर्षांनी कळते. हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, स्मरण मंदावते. म्हणून पूर्ण व्हीगन झालेल्याने बी-१२ची गोळी नियमाने घ्यावी, डॉक्टरांना विचारून तिचे प्रमाण ठरवावे. भाजी-डाळीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. मीठ आयोडीनयुक्त असावे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे ध्यानात ठेवूनच कोणताही आहारबदल करावा.

दूध सोडणे हे यवतमाळमध्ये अर्थकारणाच्या अंगानेही तपासता येते. जुलै २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात अनुदानावर संकरित गाई देण्याचा कार्यक्रम होता. चारा-पाण्याची टंचाई असलेल्या भागात या गाई घरातल्या माणसांपेक्षा जास्त खातात, ही शेतकऱ्यांची तक्रार पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच काळात जगापुढे आणली. दुसरीकडे जिल्ह्याच्या शेतांत सोयाबीन अमाप पिकते. त्याचे तेल निघते आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यत: कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकविणाऱ्याच्या ताटात ती प्रथिने क्वचितच येतात. सोयाबीन शिजवून, पिठात मिसळून खाणे, भिजवून-वाटून-उकळून त्याचे दूध काढणे बचत गटांना अवघड नाही.

सर्वांत अवघड परीक्षा जेवणाची नाही, चहाची आहे. ज्या समाजाने आमच्यासाठी कपबशी बाहेर खोपच्यात ठेवली, त्या समाजात एखाद्याच्या घरचा चहा नाकारणे ही साधी गोष्ट नाही. वस्तीतली बाई पाहुण्यासाठी उधारीने दूध आणते आणि कार्यकर्ता म्हणतो, "मी घेत नाही." तिच्या कानावर जुनाच नकार पडतो. म्हणून बैठक घालताच सांगावे, "मावशी, दूध नका आणू, मला कोरा चहा चालतो." त्याच घरचे पाणी प्यावे, चुलीवरची भाकर-चटणी मागून घ्यावी, मांडीला मांडी लावून जेवावे. दूध नाकारले, घर नाकारले नाही, हे वागण्यातून दिसले पाहिजे. शेजारच्या ताटात मटण असेल तर नाक मुरडू नये, पंगत सोडून उठू नये. सहभोजनाचा हक्क आपण लढून मिळविला आहे. एखाद्या आहारतत्त्वासाठी तो परत देता येत नाही.

पायातील चपलेचेही तसेच आहे. कातड्याची चपल सोडून रेक्झिनची घेतली की आपण स्वच्छ झालो असे वाटते. परंतु कातडे कमावणे, शिवणे हे ज्यांच्या वाट्याला जातीने आले त्यांचे पुढे काय, हा प्रश्न राहतोच. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधील उना येथे मृत गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली, त्यानंतर हजारोंनी मेलेली ढोरे उचलणार नाही अशी शपथ घेतली. त्या आंदोलनाने जमीनही मागितली. चामडे सोडणाऱ्याने ही मागणीही आपली मानली पाहिजे. जी चपल आज पायात आहे ती फाटेपर्यंत वापरावी, गावच्या चर्मकाराकडून शिवून घ्यावी; पुढची घेताना कापड-रबराची त्याच्याकडूनच बनवून घेता येते का ते पाहावे.

आणि कापूस? लोकर-रेशीम टाळून सुती सदरा घालणाऱ्याने २०१७ चा यवतमाळ आठवावा. त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात गेले. माणसाहून उंच वाढलेल्या कपाशीत, मास्क-हातमोज्यांशिवाय, रोजंदारीवर पाठीला पंप लावून ते फवारत होते. माणूसही प्राणी आहे. ज्या सदऱ्यात प्राण्याचा केस नाही पण मजुराचा जीव आहे, तो सदरा अहिंसक कसा? म्हणून व्हीगन कार्यकर्त्याच्या मागण्यांत फवारणी मजुराचे संरक्षण, नुकसानभरपाई आणि जहाल विषांवर बंदी यांना स्थान हवे.

शेवटचा मुद्दा मुलांचा. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. झरी-जामणी, केळापूर, मारेगावच्या कोलाम पोरांना मिळणारे ते अंडे थांबले तर व्हीगन माणसाने आनंद मानू नये. त्याने अंड्याच्या बाजूने उभे राहावे. आपल्या ताटाचा निर्णय आपला. उपाशी मुलाच्या ताटातून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही तत्त्वाला नाही. त्या मुलाला डाळ, शेंगदाणे, गोळ्या आणि दवाखाना पुरेसा मिळू लागेल तेव्हा अंड्याची गरज उरली की नाही, हे त्याला मोठेपणी ठरविता येईल.

थोडक्यात, कसोटी एकच ठेवावी: मी जे सोडतो त्याची किंमत मी देतो, की माझ्याहून दुबळा देतो? मी देत असेन तर ती करुणा. दुसरा देत असेल तर ते सोवळे, मग त्याला नाव काहीही द्या. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याची प्रतिज्ञा आहे आणि समतेचीही आहे. त्या दोन्ही एकाच माणसाने १४ ऑक्टोबर १९५६ ला एकाच दिवशी दिल्या. एक पाळण्यासाठी दुसरी मोडावी लागते असे ज्याला वाटते, त्याने आपला मार्ग पुन्हा तपासावा. कोरा चहा पिणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातून दोन्ही पाळल्या गेल्या, तर दयेवरचा सोवळेवाल्यांचा मक्ता आपोआप संपेल.