थुकरटवाडीचा डॉक्टर

इंजिनिअरिंगला असताना प्रत्येक वर्गात दोन-तीन जण असे असतातच, की ज्यांना थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आठवत नाही, पण गॅदरिंगच्या स्किटमधले सगळे संवाद पाठ असतात. मी त्यातलाच एक. गेली दोन वर्षं आमच्या ब्रँचचं स्किट मी आणि माझा एक मित्र मिळून लिहितो. स्किट झालं की सगळे पाठ थोपटतात आणि मग एक प्रश्न ठरलेला असतो, ‘मस्त लिहितोस रे, पण ह्यावर पोट भरतं का?’

प्रश्न चेष्टेत विचारलेला असला तरी उत्तर सिरियसली शोधण्यासारखं आहे. म्हणून हा लेख. टीव्हीवर विनोद लिहिणारा माणूस नेमकं करतो काय, आणि त्याच्या हाती शेवटी उरतं काय?

आपल्याकडे ही परंपरा तशी जुनी आहे. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्हीचं प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा अगदी सुरुवातीच्या निर्मात्यांमध्ये पु. ल. देशपांडे होते. पुढे त्यांनी ती वाट सोडली आणि १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी चिं. वि. जोशींच्या कथांवरची चिमणराव-गुंड्याभाऊची मालिका घराघरात पोहोचली. त्यातले गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे हे मुंबई महापालिकेत नोकरी करणारे इंजिनिअर होते, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगावंसं वाटतं!

पण आपल्या पिढीने जेवताना जे पाहिलं ते ‘चला हवा येऊ द्या’. झी मराठीवर ऑगस्ट २०१४ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि मार्च २०२४ पर्यंत चालला. लेखन, दिग्दर्शन आणि सूत्रसंचालन, तिन्ही डॉ. नीलेश साबळे यांच्याकडे. नावापुढचं ‘डॉ.’ खरंखुरं आहे. साबळे आयुर्वेदाचे डॉक्टर आहेत. झी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ या स्पर्धेचे ते विजेते ठरले, मग ‘फू बाई फू’चं सूत्रसंचालन केलं आणि त्यानंतर थुकरटवाडी नावाचं एक काल्पनिक गाव वसवलं. नव्या मराठी चित्रपटाची किंवा नाटकाची मंडळी या गावात पाहुणी म्हणून यायची आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे, श्रेया बुगडे ही गावकरी मंडळी त्यांची यथेच्छ फिरकी घ्यायची.

विनोदाचं डिझाइन

आता जरा तांत्रिक भाग. लोकांना वाटतं विनोद ‘सुचतो’. सुचतो तो फक्त कच्चा माल. स्किट हे डिझाइन करावं लागतं. साधारण पद्धत अशी: एक रोजची जागा घ्यायची, त्यात एक माणूस सोडायचा, त्या माणसाला एकच खोड द्यायची आणि ती खोड वाढवत न्यायची.

उदाहरण आपल्या नाशिकचंच घेऊ. मिसळीचं दुकान. आपल्याकडे रस्सा वेगळा येतोच. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फरसाण पण वेगळं द्या.’ इथपर्यंत ठीक आहे. मग म्हणतं, ‘मटकी वेगळी, कांदा वेगळा, लिंबू वेगळं.’ मालक वैतागतो. मग गिऱ्हाईक वही काढून ऑब्झर्वेशन टेबल आखतं आणि रीडिंग घ्यायला लागतं: किती चमचे रस्सा टाकल्यावर किती घाम आला. खोड तीन वेळा वाढली. आता चौथ्यांदा तीच वाढवली तर लोक कंटाळतील, म्हणून इथे वळण हवं. मालक शांतपणे वही हातात घेतो आणि म्हणतो, ‘ग्राफ कुठाय? ग्राफशिवाय सही मिळणार नाही.’ म्हणजे मालक आधी आपल्याच कॉलेजात लॅब असिस्टंट होता! झालं स्किट.

दुसरी गोष्ट शब्दांच्या क्रमाची. हे वाक्य बघा: ‘सर म्हणाले, तुझा प्रोजेक्ट बघून मला माझ्या मुलाची आठवण आली, तोही काही करत नाही.’ आता उलटं करा: ‘माझा मुलगा काही करत नाही, त्याची आठवण मला तुझा प्रोजेक्ट बघून आली, असं सर म्हणाले.’ माहिती तीच, पण विनोद मेला. हसवणारा तुकडा शेवटी आला पाहिजे आणि त्यानंतर एकही शब्द नको, कारण त्या जागेवर प्रेक्षक हसणार असतो. मराठीत क्रियापद बहुतेक वेळा शेवटी येत असल्यामुळे लेखकाला वाक्य फिरवून फिरवून बघावं लागतं.

गणित

आता हेच काम आठवड्याच्या हिशोबात बघा. ‘चला हवा येऊ द्या’ सोमवार-मंगळवार असं आठवड्यातून दोनदा लागायचं. म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास भाग. आम्हाला गॅदरिंगचं बारा मिनिटांचं एक स्किट लिहायला तीन आठवडे लागतात, आणि तरी शेवटचं पान ड्रेस रिहर्सलच्या रात्री पूर्ण होतं. टीव्हीवर मात्र सोमवार येतोच. मूड नसला तरी येतो, घरात कुणी आजारी असलं तरी येतो. हे सगळं वर्षानुवर्षं करायला प्रतिभा लागतेच, पण त्याहून जास्त शिस्त लागते.

शिवाय एकटा माणूस पुरत नाही. याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे. ती पत्रं अरविंद जगताप यांनी लिहिलेली असायची. पाच मिनिटांपूर्वी पोट धरून हसणारे लोक त्या पत्राला डोळे पुसायचे. पुढे या पत्रांचं ‘पत्रास कारण की’ हे पुस्तकही आलं. विनोदी कार्यक्रमात इतकं गंभीर काही टाकायला धाडस लागतं, पण त्यामागे हिशोबही आहे. सलग हसून माणूस थकतो. मध्ये एकदा त्याला थांबवलं की पुढचं हसू मोकळं येतं.

निर्माता म्हणजे कोण?

टीव्हीत निर्माता म्हणजे नुसता पैसे घालणारा माणूस नाही. साधारणपणे चॅनल प्रत्येक भागासाठी ठरावीक रक्कम देतं. त्यात सेट, कलाकार, लेखक, तंत्रज्ञ, जेवण असं सगळं बसवायचं आणि भाग वेळेवर द्यायचा, ही निर्मात्याची जबाबदारी. लेखक स्वतः निर्मितीत उतरला तर कुठे खर्च करायचा आणि कुठे वाचवायचा, हे त्याच्या हातात येतं. सोनी मराठीवर २०१८ मध्ये सुरू झालेली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ पाहा. सचिन मोटे लेखक, सचिन गोस्वामी दिग्दर्शक, आणि निर्मितीही या जोडीचीच. तिथे भपकेबाज सेटपेक्षा संहिता आणि नट यांच्यावर सगळा भार आहे. याच जोडीचा ‘गुलकंद’ हा चित्रपट २०२५ मध्ये आला.

पण एक गोष्ट समजून घ्या. असा कार्यक्रम चॅनलसाठी बनतो, तेव्हा त्याचं नाव सहसा चॅनलकडेच राहतं. साबळे २०२४ मध्ये कार्यक्रमातून बाहेर पडले आणि त्यांनी कलर्स मराठीवर नवा कार्यक्रम सुरू केला. नाव दिलं ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ हे थुकरटवाडीतलं त्यांचंच गाजलेलं वाक्य. म्हणजे गाव मागे राहिलं, वाक्य सोबत आलं. तो नवा कार्यक्रम काही महिन्यांतच थांबला. इकडे ‘चला हवा येऊ द्या’ २०२५ मध्ये झी मराठीवर परत सुरू झालं, साबळेंशिवाय. सूत्रसंचालक कोण? आपल्या नाशिकचा अभिजीत खांडकेकर! आपल्याला आनंद झाला, ते ठीकच. पण लेखकाच्या बाजूने बघितलं तर दहा वर्षं ज्या गावाचा कारभार पाहिला, ते गाव त्याच्याशिवायही चालू शकतं.

म्हणून करार नीट वाचणं हा या धंद्यातला सर्वांत कमी विनोदी आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन लेखकाच्या रॉयल्टीतल्या वाट्याला संरक्षण मिळालं. पण कायदा उपयोगी पडायचा तर आपण काय लिहिलं, किती लिहिलं आणि कोणत्या अटीवर दिलं, हे कागदावर असावं लागतं.

तर, पोट भरतं का? भरतं, पण महिन्याच्या एक तारखेला भरेलच असं नाही. कार्यक्रम दहा वर्षं चालू शकतो, नाहीतर काही महिन्यांत बंद होऊ शकतो. त्यामुळे डिग्री सोडून मुंबईची गाडी पकडा, असं मी कुणालाही सांगणार नाही (आई हा अंक वाचते). वसंत कानेटकर आपल्या एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत शिकवत नाटकं लिहीत होते, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. नोकरी आणि लेखन यांचं हाडवैर नाही.

ज्यांना खरंच ही खाज आहे, त्यांनी एक प्रयोग करावा. सलग दहा आठवडे दर रविवारी रात्रीपर्यंत एक स्किट पूर्ण लिहायचं, सुचो वा न सुचो, सबमिशन असो वा ओरल. दहाव्या आठवड्यालाही लिहावंसं वाटलं, तर तुमच्यात दम आहे असं समजा. मी सध्या सहाव्या आठवड्यात आहे.

आणि गॅदरिंग कमिटीला एक विनंती. पत्रिकेवर लाइट, साउंड, मंडप, चहा सगळ्यांची नावं असतात. यंदा स्किटच्या खाली लेखकाचंही छापा. फॉन्ट लहान असला तरी चालेल.