इंधन दरवाढीचा भार नेमका कोणाच्या खांद्यावर?

पेट्रोल महागणार असल्याची बातमी संध्याकाळी आली, की पूर्वी शहरांतील पंपांवर रांगा लागत. नवा दर मध्यरात्रीपासून लागू होई आणि त्याआधी टाकी भरून घेतली, की चार पैसे वाचवल्याचे समाधान वाहनधारकाच्या पदरी पडे. १६ जून २०१७ पासून देशभर दर रोज सकाळी सहा वाजता बदलण्याची पद्धत सुरू झाली. पाच-दहा पैशांच्या वाढीसाठी रांग कोण लावणार? रांगा ओसरल्या, दरवाढ मात्र अंगवळणी पडली.

ती अंगवळणी पडण्यामागे आणखी एक कारण आहे. दुचाकीस्वार बहुधा लिटरचा नव्हे, तर रुपयांचा हिशेब करतो. ‘शंभरचे टाका’ असे सांगणाऱ्याच्या खिशातून प्रत्येक वेळी शंभरच रुपये जातात. कमी होते ते टाकीत पडणारे पेट्रोल. २०२२च्या एप्रिलमध्ये मुंबईत पेट्रोल १२० रुपयांपुढे गेले, तेव्हा शंभराच्या नोटेत जेमतेम ८३० मिलीलीटर पेट्रोल येत होते. पंपावर जाण्याच्या खेपा वाढल्या, की महागाईची जाणीव होते. पण तोवर महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडलेले असते.

दर ठरतो कसा, हे पाहिले म्हणजे वाहनचालकाची अगतिकता ध्यानात येते. पेट्रोलवरील सरकारी नियंत्रण जून २०१० मध्ये, तर डिझेलवरील ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले. मूळ किंमत आंतरराष्ट्रीय बाजार आणि रुपयाचा विनिमय दर यांवर हलते. तीत केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा मूल्यवर्धित कर आणि पंपचालकाचे कमिशन मिळवले जाते. जागतिक बाजारात तेल महागले, की त्याची झळ ग्राहकाला पोहोचते. उतरले, की दिलासा मिळेलच असे नाही. २०२० मध्ये करोनाकाळात खनिज तेल गडगडले, तेव्हा केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवरील शुल्क लिटरमागे १० आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवले. साहजिकच त्या स्वस्ताईचा लाभ पंपापर्यंत आलाच नाही. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये हे शुल्क कमी झाले खरे. पण मधल्या काळात, २२ मार्च २०२२ नंतरच्या सोळा दिवसांत चौदा वेळा मिळून लिटरमागे १० रुपयांची वाढ झाली होती.

खासगी मोटार चालवणाऱ्यापुढे बचतीचे मार्ग तुलनेने अधिक आहेत. टायरमधील हवा योग्य ठेवणे, क्लचवर पाय न ठेवणे, सिग्नलला इंजिन बंद करणे, नको ते ओझे डिकीत न वाहणे, हे उपाय जुने असले तरी खरे आहेत. वेगाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच इंधन बचतीसाठी काम करणारी ‘पीसीआरए’ ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग राखण्याचा सल्ला देते. याखेरीज सहकाऱ्यांसोबत एकाच गाडीतून कार्यालय गाठणे, गाडी घरी ठेवून लोकल पकडणे किंवा सीएनजी आणि विजेवरील वाहनाकडे वळणे हे पर्यायही त्याला खुले असतात.

सीमाभागातील चालकांचा उपाय वेगळा. राज्याराज्यांतील करांत तफावत असल्याने कोल्हापूरचे वाहन कर्नाटकात, तर सिंधुदुर्गाचे गोव्यात टाकी भरून येते. २०१२ मध्ये गोव्याने पेट्रोलवरील कर जवळजवळ रद्द केला, तेव्हा तेथील दर लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास उतरला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या राज्यांनी कर घटवला. महाराष्ट्राने तो घटवला जुलै २०२२ मध्ये. मधल्या काळात सीमेलगतच्या पंपचालकांना गिऱ्हाईक पलीकडे जाताना पाहावे लागले.

मालवाहतुकीत डिझेल हाच सर्वांत मोठा खर्च. अनेक मालक चालकाला फेरीमागे ठरावीक डिझेल बांधून देतात. बचत झाली तर ती चालकाची, तूट आली तर तीही त्याचीच. परतीचा माल मिळेपर्यंत एखाद-दोन दिवस तळावर थांबणे रिकामे परतण्यापेक्षा परवडते. मोठे वाहतूकदार कंपन्यांशी करार करताना डिझेल वाढले, की भाडे वाढेल अशी अट घालून घेतात. एक-दोन ट्रक असलेल्या मालकाला ते बळ नसते. त्याला डिझेल रोख भरावे लागते आणि भाड्याची रक्कम आठवड्यांनंतर हाती येते.

सर्वांत कोंडी होते ती रिक्षा-टॅक्सीचालकांची. त्यांचा दर सरकारी प्राधिकरण ठरवते. मुंबईत रिक्षाचे किमान भाडे १ मार्च २०२१ रोजी २१ रुपये झाले. तेव्हा सीएनजी किलोमागे पन्नास रुपयांच्या आत होता. पुढील भाडेवाढ १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली, तोवर सीएनजी ८० रुपयांवर पोहोचला होता. इंधन साठ टक्क्यांहून अधिक महागले आणि किमान भाड्यात भर पडली ती दोन रुपयांची. भाड्याने रिक्षा चालवणाऱ्याला मालकाची रोजची ठरलेली रक्कम द्यावीच लागते. गॅसचा खर्च त्यावर. मग पाळी दहा तासांवरून बारा-तेरा तासांवर जाते. गॅसच्या रांगेत गेलेला वेळही त्यातच मोजायचा. जवळचे भाडे नाकारणे, परतीचे प्रवासी मिळणार नाहीत अशा भागात जायला नकार देणे या प्रवाशांना संताप आणणाऱ्या सवयींचे मूळ बरेचसे या हिशेबात आहे. त्याने नियमभंग समर्थनीय ठरत नाही. पण केवळ दंड आकारून तो थांबत का नाही, हे मात्र कळते.

तात्पर्य, इंधन महागले, की प्रत्येक चालक काटकसर करतो. परंतु तिची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. मोटारमालक फेऱ्या कमी करू शकतो, मोठा वाहतूकदार वाढीव खर्च ग्राहकावर टाकू शकतो. ज्याला यांपैकी काहीच शक्य नाही, तो शेवटी स्वतःच्या झोपेत आणि जेवणात कपात करतो. रस्त्यावरच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणूनच भाड्याचा फेरविचार इंधनाच्या दराशी जोडून नियमित आणि वेळेवर होणे, ही केवळ चालकांची मागणी नव्हे. त्यात प्रवाशांचेही हित आहे.