श्रेणी दोनचा रकाना

कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या संस्थेचा वार्षिक अहवाल हाती आला, की मी फोटो मागे टाकतो आणि 'नवीन रुग्णांपैकी श्रेणी २ विकृती' हा अरुंद रकाना शोधतो. बोटं वाकलेली, पाऊल लुळं पडलेलं, पापणी मिटत नाही, अशा अवस्थेत माणूस पहिल्यांदाच नोंदला गेला असेल, तर आपण त्याच्यापर्यंत फार उशिरा पोचलो. नवे रुग्ण वाढले तर घाबरायचं कारण नसतं. नीट शोधलं म्हणूनही ते वाढतात. या रकान्यात मात्र सारवासारव करता येत नाही.

वर्धा जिल्ह्याला हे काम नवं नाही. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. ही सेवा तेव्हा बहुतांशी मिशनऱ्यांकडे होती. गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत दिवाणांचं नाव मुद्दाम घेतलं ते त्यामुळेच. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची, फोटो नसलेली गोष्ट. 1951 साली गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभं राहिलं, आणि तिथल्या डॉ. वारदेकरांनी रुग्णाला आश्रमात आणण्याऐवजी कार्यकर्त्यांनाच गावात धाडलं. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरच्या घरी डॅप्सोनच्या गोळ्या. माणसाला गावातून उचलायचं नाही, हा त्यामागचा विचार. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधोपचार, म्हणजे एमडीटी, देशात आला तेव्हाही पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

शोधमोहिमेत तपासणी उन्हाच्या उजेडात करतात. ट्यूबलाइटखाली फिकट चट्टा दिसतच नाही. बाया आशाताईकडे, पुरुष स्वयंसेवकाकडे. पाठ, दंड, मांड्या, सगळं बघायचं. चट्टा दिसला की आधी डोळे उघडे ठेवून पेनाचं टोक टेकवून दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचं. जिथं टेकलं तिथं बोट ठेवायचं, एवढीच परीक्षा. मी पाहिलेला एक तरणा गडी हसत हसत हातावरची जागा बरोबर दाखवत होता; खांद्यामागच्या चट्ट्यावर पेन तीनदा टेकलं तरी तो वाट बघतच उभा. "लावा ना आता," म्हणाला. ताईंनी काही न बोलता वहीत नोंद केली आणि कोपरामागची शीर बोटांनी चाचपली.

एमडीटीच्या गोळ्या फुकट मिळतात. सौम्य प्रकाराला सहा महिने, जास्त चट्टे असतील तर बारा. रिफाम्पिसिननं लघवी लाल होते, क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते. हे आधी सांगितलं नाही, तर माणूस घाबरून पाकीट चुलीत टाकतो.

जंतू मरतात, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. कामाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. वर्ध्याजवळच्या एका गावात ओसरीवर टपांची रांग लागली होती. पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात. गरम पाणी नाही, कारण गरम किती ते पायाला कळत नाही. मग भिजून मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडानं घासायचा, पुसायचं नाही, ओल्या पायालाच तेल चोळायचं. शेवटी आरशात तळवा बघायचा.

एका आजीच्या टाचेतून तुरीचं धसकट निघालं. बोटाच्या पेराएवढं.

"आजी, कधी गेलं हे?"

"कोन जाने बाप्पा. मले काई समजलंच नाई."

परवा तूर कापायला गेल्या होत्या, एवढं आठवलं. दुखतच नाही म्हणून त्या तशाच चालत राहिल्या होत्या. असल्या जखमेत पू होतो, हाडाला लागतो, आणि शेवटी पायाची बोटं जातात. लोकांना वाटतं रोगानं बोटं झडतात. ती झडतात न दुखणाऱ्या जखमांनी. मऊ रबराची, खिळा नसलेली चप्पल त्यासाठी असते. ती झिजते, दरवर्षी परत द्यावी लागते. इमारतीला देणगीदार मिळतात. तीच चप्पल पुन्हा पुन्हा द्यायला पैसे मागायचे तर कार्यकर्त्यांचाच आवाज खाली येतो.

डिसेंबर 2005 मध्ये दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले म्हणून देशातून कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' जाहीर झालं. त्या घोषणेनं नुकसान केलं, असं माझं मत आहे. आजार संपला असं समजून नजर ढिली पडली, आणि 2016 पासून घरोघर शोधाची मोहीम नव्यानं उभी करावी लागली. कायद्याचीही तीच संथ गत. 1898 चा कुष्ठरोगी कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं. घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग 2019 पर्यंत कायद्यात राहिला.

आता नव्या रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, लागण रोखण्यासाठी. कागदावर सोपं आहे. गावात पहिला प्रश्न येतो, "कोनाले झाली रक्तपिती?" ज्याला झाली, तो आधीच हात जोडून सांगून गेलेला असतो: शेजारी गोळी देऊ नका, पोरीचं लग्न ठरतंय. त्याच्या संमतीशिवाय पुढं जाता येत नाही. एका गावात आशाताईंनी मधला मार्ग काढला: त्याच्याशी बोलून, त्याच्याच घरी नाही तर अख्ख्या आळीत तपासणी लावली, तीही दुसऱ्या टोकाकडून. त्याचं घर मधेच कुठंतरी आलं. बायको आणि दोन्ही पोरींनी गोळ्या घेतल्या. शेजारचे सकाळीच शेतावर गेले होते. त्यांच्यासाठी ताई संध्याकाळी परत येणार होत्या.